डीव्हीडी रेकॉर्डर: टायमर लावण्यापासून फायनलाइज करेपर्यंत

टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला म्हणजे काम संपलं, असं वाटतं. खरं तर तेव्हा ते निम्मंच झालेलं असतं. डिस्क फायनलाइज झाली (म्हणजे इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद केली गेली), दुसऱ्या प्लेअरवर शेवटच्या मिनिटापर्यंत चालली आणि तिची आणखी एक प्रत कुठेतरी ठेवली गेली, की मग तो कार्यक्रम खरा हाताशी आला म्हणायचा. रेकॉर्डरबद्दलच्या बहुतेक तक्रारी या मधल्या टप्प्यांत जन्म घेतात. त्यातल्या जवळपास सगळ्या आधी थोडी काळजी घेतली तर टळतात.

आधी डिस्क ओळखा

दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या डिस्क आत वेगळ्या असतात. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर एकदाच लिहिता येतात. त्यांच्यावरचं टायटल, म्हणजे रेकॉर्ड केलेला एक कार्यक्रम, तुम्ही डिलीट केलंत तर ते यादीतून जातं, पण जागा परत मिळत नाही. लेझरने रंगद्रव्याचा थर एकदा भाजला की तो पूर्ववत होत नाही. डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू साधारण हजार वेळा पुसून लिहिता येतात. डीव्हीडी-रॅम त्याहून फार टिकाऊ, तिचा आकडा लाखाच्या घरात सांगितला जातो. पण ती प्रत्येक प्लेअर वाचत नाही, म्हणून ती आपल्या रेकॉर्डरपुरती ठेवावी आणि कुणाला द्यायची डिस्क म्हणून वापरू नये.

डीव्हीडी-आरडब्ल्यू घातल्यावर रेकॉर्डर विचारतो: व्हिडिओ मोड की व्हीआर मोड? घाईत बरेच जण पहिलं बटण दाबून मोकळे होतात आणि नंतर पस्तावतात. व्हिडिओ मोडमधली डिस्क फायनलाइज केल्यावर बहुतेक साध्या प्लेअरवर चालते, पण तिच्यावर संपादन फारसं करता येत नाही. व्हीआर मोडमध्ये जाहिराती मधूनच कापता येतात, तुकड्यांचा क्रम बदलता येतो आणि पुसलेली जागा परत मिळते. मात्र ती डिस्क व्हीआर वाचणाऱ्या प्लेअरलाच कळते. एक सोपा नियम पाळावा. रोज बघून पुसायच्या मालिकांसाठी एक-दोन आरडब्ल्यू व्हीआर मोडमध्ये ठेवा. जपून ठेवायचं किंवा दुसऱ्याला द्यायचं ते आर डिस्कवर, व्हिडिओ मोडमध्ये.

वेगाचा आकडाही बघा. जुने रेकॉर्डर २एक्स आरडब्ल्यूच्या काळातले असतात. ६एक्स लिहिलेली नवी आरडब्ल्यू त्यांना कधी कधी ओळखताच येत नाही. डिस्क खराब नसते, यंत्राच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमला, तिची माहितीच नसते. नवा ब्रँड घेताना पन्नासचा डबा उचलण्याआधी पाचचं पाकीट घ्या, त्यातली एक डिस्क काठोकाठ भरा आणि मगच पुढचं ठरवा.

किती मिनिटं, किती दर्जा

साध्या डिस्कवर ४.७ जीबी म्हणून लिहिलेलं असतं. संगणक तीच जागा ४.३८ दाखवतो, कारण त्याची मोजायची पद्धत वेगळी असते, काही हरवलेलं नसतं. या जागेत किती वेळ मावेल हे फक्त बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा लिहिला जातो त्यावर ठरतं. एक्सपी मोडमध्ये एक तास, एसपीमध्ये दोन, एलपीमध्ये चार आणि ईपीमध्ये सहा किंवा आठ. एसपीचा बिटरेट ढोबळमानाने सेकंदाला ५ मेगाबिट, एलपीचा २.५ आणि सहा तासांच्या ईपीचा दीडच्या आसपास.

मोड बदलताना फक्त बिटरेट कमी होतो असं नाही. पाल या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीत पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. अनेक रेकॉर्डर एलपीमध्ये आडवे ठिपके निम्मे करून ३५२ बाय ५७६ करतात आणि ईपीत तर ३५२ बाय २८८ वर उतरतात. म्हणून एलपीत बातम्या सांगणारा चेहरा ठीक दिसतो, पण खालून धावणारी अक्षरांची पट्टी चिकटल्यासारखी दिसते. मुसळधार पावसाचं दृश्य, मैदानावरचं गवत, प्रेक्षकांची गर्दी, पाण्याच्या लाटा इथे एलपीत चौकटी फुटतात. खेळ आणि नृत्य एसपीच्या खाली कधीच घेऊ नका. गप्पांचे कार्यक्रम एलपीत चालून जातात. ईपी फक्त एकदा बघून टाकून द्यायच्या गोष्टींसाठी.

या ठरावीक मोडपेक्षा उपयोगी आहे एफआर, म्हणजे लवचीक रेकॉर्डिंग. कार्यक्रम नव्वद मिनिटांचा असेल तर एसपीत डिस्कचा चौथा भाग रिकामा राहतो. एफआरमध्ये रेकॉर्डर स्वतः हिशेब करून सुमारे ६.५ मेगाबिटवर तेच नव्वद मिनिटं काठोकाठ बसवतो. अडीच तासांचा चित्रपट असेल तर तो ४ मेगाबिटच्या आसपास येतो. पण इथे एक सावधगिरी हवी. डिस्क काठोकाठ भरू नका, वेळ पाच-सात मिनिटं जास्तच सांगा. आर डिस्कवर लिहिणं आतून बाहेर जातं आणि बाहेरच्या कडेलाच रंगद्रव्याचा थर सर्वांत कच्चा असतो, बोटांचे ठसेही तिथेच पडतात. चित्रपटाची शेवटची दहा मिनिटं अडकतात ती बहुधा यामुळेच.

डिस्क उजेडात तिरकी धरून खालची बाजू बघा. मधल्या भोकाभोवती लिहिलेला भाग किंचित गडद दिसतो आणि एका बारीक वर्तुळाकार रेषेपाशी तो संपतो. रेषेच्या बाहेर कोरी जागा. नाव न लिहिलेली डिस्क कोरी आहे की भरलेली, हे यंत्रात न घालताही असं कळतं.

सेट-टॉप बॉक्स जोडणं: सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग इथे बुडतात

जुन्या रेकॉर्डरमधला ट्यूनर अॅनालॉग असतो. अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालेल्या ठिकाणी तो निरुपयोगी. मग चॅनल निवडतो सेट-टॉप बॉक्स आणि रेकॉर्डर फक्त तारेतून येईल ते टिपतो. हे नीट समजलं की अर्धी कटकट संपते.

बॉक्सच्या मागून पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन टोकांची केबल निघते: पिवळी चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या. ती रेकॉर्डरच्या मागच्या एल १ इनपुटला लावा. बॉक्सला एस-व्हिडिओ असेल तर पिवळीऐवजी ती केबल वापरा, आवाजाच्या दोन तशाच राहू द्या. पिवळ्या तारेत प्रकाश आणि रंग एकत्र येतात, म्हणून लाल अक्षरांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसतात. एस-व्हिडिओत दोन्ही वेगळे येतात आणि त्या मुंग्या नाहीशा होतात. अनेक रेकॉर्डरमध्ये एल १ साठी पिवळी की एस-व्हिडिओ, हे सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं. तार बदलूनही चित्र काळंपांढरं दिसत असेल तर तिथे बघा.

बॉक्सच्या मेनूत टीव्हीचा आकार १६:९ ठेवा. तो ४:३ लेटरबॉक्सवर राहिला तर वरखाली काळ्या पट्ट्यांसकट रेकॉर्डिंग होतं आणि ५७६ पैकी फक्त ४३२ ओळींत खरं चित्र उरतं. नंतर कोणत्याही टीव्हीवर ते मोठं करून बघितलं तरी हरवलेल्या ओळी परत येत नाहीत. रेकॉर्डरमध्येही डिस्कवर लिहिण्याआधी आकार १६:९ सांगावा लागतो, कारण व्हिडिओ मोडमध्ये तो नंतर बदलता येत नाही. दोन भाषांतला आवाज असेल तर तोही आधीच निवडायचा, व्हिडिओ मोडमध्ये एकच आवाज उतरतो.

आता टायमर. दोन यंत्रं आहेत, म्हणून दोन टायमर लागतात. एक बॉक्समध्ये, ठरलेल्या वेळी चॅनल बदलण्यासाठी. दुसरा रेकॉर्डरमध्ये, त्याच वेळी रेकॉर्डिंग सुरू करण्यासाठी. काही रेकॉर्डरबरोबर बॉक्सच्या पुढच्या काचेवर चिकटवायचा इन्फ्रारेडचा बारीक दिवा येतो, तो रिमोटसारखा बॉक्सचं चॅनल बदलतो. तो असेल तर उत्तम, पण टोक काचेवरून सरकलं की सगळं फसतं, म्हणून चिकटपट्टीने पक्कं करा.

रेकॉर्डरच्या टायमरमध्ये चॅनलच्या जागी एल १ लिहिलंय ना, हे दर वेळी बघा. आतल्या ट्यूनरचा चॅनल क्रमांक तिथे राहिला तर दोन तास निळा पडदा किंवा खरखर रेकॉर्ड होते. ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. बाकीच्या चुकाही ठरलेल्या असतात:

- बॉक्स बंद करून झोपणं. बॉक्स चालूच हवा, बंद करायचा तो फक्त टीव्ही.
- रात्री १२:३० चा कार्यक्रम आदल्या तारखेला लावणं. मध्यरात्रीनंतर तारीख बदललेली असते.
- रेकॉर्डर चालू ठेवणं. काही मॉडेलवर टायमरसाठी तो स्टँडबायवर जावा लागतो. पुढच्या पट्टीवर घड्याळाची छोटी खूण पेटली आहे का बघा. ती लुकलुकत असेल तर काहीतरी चुकलंय: डिस्क नाही, जागा नाही, किंवा वेळ लागलेली नाही.
- वीज जाऊन आल्यावर घड्याळ न बघणं. पुढच्या पट्टीवर नुसत्या रेघा दिसत असतील तर टायमर चालणार नाही.

वेळ लावताना कार्यक्रमाआधी दोन-तीन मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जास्त घ्या. थेट प्रक्षेपण असेल तर अर्धा तास. पाठोपाठचे दोन कार्यक्रम एकाच चॅनलवर असतील तर त्यांचे दोन टायमर लावू नका, एकच लांब टायमर लावा. एक फाइल बंद करून दुसरी उघडायला रेकॉर्डर काही सेकंद घेतो आणि त्यात पहिल्याचा शेवट कापला जातो.

रेकॉर्डिंग मध्येच थांबून पडद्यावर 'कॉपी करता येत नाही' अशा अर्थाची सूचना आली तर यंत्र बिघडलेलं नाही. प्रसारकाने सिग्नलमध्ये तशी खूण पाठवलेली असते. काही कार्यक्रमांना एकदाच कॉपीची परवानगी असते, त्यासाठी सीपीआरएम (कॉपीवर नियंत्रण ठेवणारी पद्धत) लिहिलेली डिस्क आणि व्हीआर मोड लागतो.

हार्ड डिस्क असेल तर

हार्ड डिस्क असलेल्या मॉडेलवर कधीही थेट डीव्हीडीवर रेकॉर्ड करू नका. आधी हार्ड डिस्कवर घ्या, जाहिराती कापा आणि मग डीव्हीडीवर उतरवा. १६० जीबीच्या डिस्कवर एसपीमध्ये सत्तर तासांच्या जवळपास मावतात. तेवढी जागा बघून माणूस सगळं साठवत जातो, आणि हार्ड डिस्क एक दिवस काहीही न सांगता जाते. रेकॉर्डरची हार्ड डिस्क काढून संगणकाला लावली तरी सहसा काही वाचता येत नाही, कारण तिची मांडणी त्या यंत्राची स्वतःची असते. तिला हंगामी गोदाम समजा. महिन्यात एकदा रिकामी करा आणि किमान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या.

डीव्हीडीवर उतरवण्याच्या दोन पद्धती आहेत. हाय-स्पीड डबिंगमध्ये आहेत ते बिट तसेच्या तसे उतरतात, दर्जा अजिबात घटत नाही आणि दोन तासांचा कार्यक्रम काही मिनिटांत होतो. दुसरी पद्धत पुन्हा एन्कोड करते, म्हणजे चित्र नव्याने दाबून लिहिते: दोन तासांना दोन तास लागतात आणि चित्र एक पायरी खाली येतं. यातलं काय होणार, हे रेकॉर्डिंगच्या आधीच ठरतं. अडीच तासांचा कार्यक्रम एसपीत घेतला तर तो एका डिस्कवर मावत नाही आणि पुन्हा एन्कोड करणं नशिबी येतं. तोच एफआरमध्ये अडीच तासांसाठी घेतला असता तर सरळ हाय-स्पीडने उतरला असता. सेटिंगमध्ये 'हाय-स्पीड डबिंगसाठी रेकॉर्ड करा' असा पर्याय असेल तर तो कायम चालू ठेवा.

जाहिराती कापताना नेमकी फ्रेम पकडण्यात वेळ घालवू नका. एमपेगमध्ये, म्हणजे डीव्हीडीवर व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत, चित्रं गटागटाने साठवलेली असतात, एक गट साधारण अर्ध्या सेकंदाचा. हाय-स्पीडने उतरवताना काप गटाच्या कडेलाच बसतो. म्हणून कार्यक्रमाच्या बाजूला अर्धा सेकंद सोडून काप घ्या. जाहिरातीचा एक झटका राहिला तरी चालेल, संवादाचा पहिला शब्द जाता कामा नये. कापण्याआधी टायटलला नाव आणि तारीख द्या. 'एल १ २१:००' अशा नावाची चाळीस टायटलं एकदा साठली की मग त्यात कुणीच डोकं घालत नाही.

फायनलाइज

आर डिस्क फायनलाइज होईपर्यंत ती फक्त त्याच रेकॉर्डरची असते. फायनलाइज करताना रेकॉर्डर डिस्कवर मेनू आणि टायटलांची यादी लिहितो आणि शेवट बंद करतो. त्याशिवाय दुसऱ्या प्लेअरला काही सापडत नाही. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर एकदा फायनलाइज केल्या की त्यात भर घालता येत नाही. व्हिडिओ मोडमधली डीव्हीडी-आरडब्ल्यू पुन्हा उघडता येते. डीव्हीडी-रॅमला हा सोपस्कारच नाही आणि डीव्हीडी+आरडब्ल्यूला बहुधा लागत नाही.

फायनलाइजच्या आधी टायटलांची नावं, मेनूची पार्श्वभूमी आणि प्रत्येक टायटलचं छोटं चित्र ठरवून घ्या, नंतर काही हलत नाही. मग पडद्यावरची टक्केवारी चालू होते. ती काही मिनिटांपासून पाव तासापर्यंत जाते. डिस्कवर थोडंच रेकॉर्ड केलेलं असेल तर उलट वेळ जास्त लागतो, कारण ठरावीक त्रिज्येपर्यंतची जागा यंत्राला भरून काढावी लागते. आकडा एका जागी थबकला म्हणून प्लग ओढू नका. फायनलाइज मध्येच तुटलं तर डिस्क बहुतेक वेळा गेलीच. विजेचा भरवसा नसेल तर लहान यूपीएस लावा, रेकॉर्डरला तेवढा पुरतो.

झाल्यावर डिस्क काढून दुसऱ्या प्लेअरवर लावा. सुरुवात चालते हे बघून समाधान मानू नका. शेवटच्या चॅप्टरवर उडी मारा आणि अखेरची पाच मिनिटं बघा. अडखळली तर हार्ड डिस्कवरची मूळ प्रत अजून आहे, लगेच दुसरी डिस्क करता येते. तपासल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका.

डिस्क एरर आली तर

डिस्क बाहेर काढा, खालची बाजू बघा, मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा लिहिलेल्या मार्गाच्या दिशेने जातो आणि एकाच ठिकाणचा बराच डेटा जातो. सरळ ओरखडा एरर करेक्शन सहज भरून काढतं. तरी चालेना तर दुसऱ्या कंपनीची नवी डिस्क घालून बघा. विकतच्या चित्रपटाची डिस्क व्यवस्थित वाजते आणि कोऱ्या डिस्कवर मात्र एकापाठोपाठ एरर येतात, तर लेझर थकलेला आहे. वाचायला लेझरला फार कमी शक्ती लागते, लिहायला कित्येक पटींनी जास्त, म्हणून लिहिणं आधी बंद पडतं.

उष्णता हा मोठा शत्रू. रेकॉर्डरवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, मागच्या पंख्याला हातभर मोकळी जागा द्या, जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा मऊ ब्रशने काढा. जुनं यंत्र चालूच होत नाही, किंवा 'थांबा' असं लिहून तिथेच अडकतं, तेव्हा पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगलेले असण्याची शक्यता दाट. दुरुस्ती स्वस्तात होते, पण प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब शिल्लक असू शकतो, ते काम जाणत्याकडेच द्या.

ठेवणं आणि संगणकावर घेणं

डिस्क उभ्या, डबीत, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवा. सीडी-डीव्हीडीसाठीच्या मऊ टोकाच्या पेनाने वरच्या बाजूला लिहा, बॉलपेन नको. कागदी स्टिकर अजिबात नको, फिरताना तोल जातो आणि पुढे कडा सुटते.

घरी भाजलेली डिस्क कायमची नाही. जे खरंच जपायचं आहे ते संगणकावर घ्या. फायनलाइज केलेल्या डिस्कवर 'व्हिडिओ टीएस' हा फोल्डर असतो आणि त्यात कमाल एक जीबीच्या व्हीओबी फाइल. त्या सुट्या कॉपी करण्यापेक्षा पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली जशीच्या तशी प्रत, बनवा, मेनू आणि चॅप्टर शाबूत राहतात. व्हीआर मोडमधल्या डिस्कवर मात्र सगळी टायटलं व्हीआरओ नावाच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये असतात. वाचताना अडकणाऱ्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे. ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब जागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. एकाच ड्राइव्हवर थांबू नका, दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह अनेकदा तीच डिस्क वाचतो.

फाइल लहान करायच्या मोहात लगेच पडू नका. टीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं, सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या. हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस न करता (म्हणजे त्या ओळी नीट जुळवून न घेता) रूपांतर केलं की धावणाऱ्या खेळाडूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात आणि त्या कायमच्या तशाच राहतात. मूळ एमपेग प्रत ठेवा, लहान प्रत वेगळी बनवा.

यंत्र काढून टाकायचं ठरलं असेल, किंवा ते आजारी वाटत असेल, तर सगळ्या डबीतल्या डिस्क एकदा चाळा आणि फायनलाइज न केलेल्या आर डिस्क वेगळ्या काढा. ते यंत्र जिवंत असेपर्यंत प्रत्येकीला फक्त काही मिनिटं लागतात. ते मेल्यावर त्याच डिस्कसाठी डेटा परत मिळवणारे प्रोग्रॅम शोधत बसावं लागतं, आणि तेही प्रत्येक वेळी यश देत नाहीत.